तारेच्या मुंडावळ्या करणारे भालेराव

भालेराव मिस्त्री कुठलीही बाटली उघडताना तिचं तोंड भिंतीकडे करत आणि स्वतःचं तोंड दुसरीकडे फिरवत. मग ती खोकल्याच्या औषधाची बाटली का असेना. दुसऱ्या कुणी बाटली हातात धरून त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, तर ते आधी पुढे होऊन त्याच्या हातातली बाटली वळवत आणि मग "हां, बोला" म्हणत.

नाताळात तुम्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर शॅम्पेनची बाटली उघडायला घेतलीत, तेव्हा मी इथून "तोंड बाजूला कर, तार अशी एकदम सोडू नकोस" म्हणून ओरडले, आणि तुम्ही दोघंही हसलात. "आजी, तुला शॅम्पेनचं काय माहीत?" असं विचारलंत. शॅम्पेनचं मला काही माहीत नाही. तिच्या बुचाचं माहीत आहे. ते मला भालेरावांमुळे माहीत झालं, म्हणून हे भालेरावांविषयी लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी भिवंडीजवळ राहनाळला एका कारखान्यात ऑफिसचं काम बघत होते. कारखाना म्हणजे गोदामांच्या रांगेतली पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्या टोकाला प्लायवूडने वेगळी केलेली खोली. त्या खोलीत एक टाइपरायटर, दोन कपाटं आणि मी. माझं इंग्रजी चांगलं होतं, म्हणून बाहेरची पत्रं मी लिहायची, फायली लावायच्या, आवक-जावक नोंदवही ठेवायची. मालकांना सगळे शेठ म्हणत. ते आधी औषधांच्या बाटल्यांची झाकणं करत. मग आपल्याकडे फसफसणारी वाइन करणारं कुणीतरी उभं राहिलं आणि त्यांना बुचं हवी झाली. परदेशी बूच आणि त्यावरची परदेशी तार महाग पडे, आणि परवान्याशिवाय येतही नसे. शेठनी सांगितलं, आम्ही इथे करून देतो.

सांगणं सोपं होतं. त्या बाटलीत जवळजवळ ट्रकच्या टायरात असतो तेवढा दाब असतो. बूच नुसतं घट्ट बसवून भागत नाही, ते सारखं वर यायला बघतं. म्हणून त्यावर चार पायांचा तारेचा पिंजरा घालतात आणि बाटलीच्या गळ्याखाली त्या तारेला पीळ देऊन कडी करतात. अन्वर नावाचा पीळ देणारा कारागीर होता, तो त्या पिंजऱ्याला सेहरा म्हणे. भालेराव म्हणत मुंडावळ्या. शेवटी सगळ्या शेडमध्ये भालेरावांचाच शब्द राहिला. "आज किती मुंडावळ्या बांधल्या?" असं शेठसुद्धा विचारत.

भालेराव दिघाशीचे. शिक्षण चौथीपर्यंत. चौदाव्या वर्षी लूमवर लागले आणि वीस-बावीस वर्षांत भिवंडीतल्या निम्म्या कारखान्यांचे माग त्यांच्या हाताखालून गेले. बुटके, अंगाने सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या बरोबर दोन घड्या घालून वर केलेल्या. खिशाला लोक पेन लावतात तिथे त्यांची एक बारीक कानस असे. ते चित्र काढत नसत. शेठनी त्यांच्यासाठी ठाण्याहून एक ड्रॉइंग करणारा मुलगा ठेवला होता, तर भालेराव त्याला म्हणत, "तू मागाहून काढ. आधी मला करून बगू दे. कागदावर चुकलेलं कळत न्हाय, हाताला कळतं."

नवीन बूच ते आधी कपड्यांच्या साबणाच्या वडीत कोरत. कानशीने घासून, बोटाने पुसून, बाटलीत बसवून, काढून, पुन्हा घासून. बिघडलेली साबणाची बुचं रुमालात बांधून घरी नेत. "आमच्या घरी धुणं शॅम्पेनच्या बुचानं होतं," असं त्यांनी मला एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

ज्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती वाइन मात्र त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. त्यांचे वडील दारूने गेले होते. घरात बुद्धाची तसबीर होती आणि दारूला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. पहिल्या खऱ्या बाटल्या आल्या तेव्हा शेठनी स्टीलच्या पेल्यांतून सगळ्यांना दोन-दोन घोट दिले. भालेरावांनी पेला नाकाशी नेऊन परत ठेवला.

"मिस्त्री, वास कैसा है?" अन्वरने विचारलं.

"ताक आंबलं की वरच्या पान्याला येतो तसा. याच्यासाठी एवढी तार?"

अडचण वाइनमध्ये नव्हती, काचेत होती. इथे तयार होणाऱ्या बाटल्यांचे गळे सारखे नसत. एकीला पिंजरा आवळून बसे, दुसरीला सैल पडे. सैल पडला की उन्हात प्लास्टिकचं बूच मऊ होई आणि तारेसकट हळूहळू वर चढे. भालेराव बाटल्यांत वाइनऐवजी सोडा भरत, त्या पत्र्याच्या हौदात आडव्या ठेवत, वर ओलं गोणपाट टाकत आणि हौद उन्हात ओढून देत. मग स्वतः पाठ करून शेजारी बसत. फट् असा आवाज आला की मागे न बघता सांगत, "कडी गेली," किंवा "कडी हाय, बूच सरकलं." मी बरेचदा मुद्दाम उठून पाहिलं. एकदाही चुकले नाहीत.

असे सात-आठ महिने गेले. शेठ कंटाळले. मग एका सकाळी भालेराव आले आणि मी टाइप करून ठेवलेल्या पत्रांवर त्यांनी लूमवर आडवं सूत नेणारा एक जुना लाकडी धोटा ठेवला. पत्रांवर तेलाचा डाग पडला.

"बाई, ही आतली सुताची कांडी बगा. जाड भरलेली असली तरी बसते, बारीक असली तरी बसते. का?"

मला कशाला माहीत असणार? त्यांनी कांडी काढली आणि धोट्याच्या आतली, कांडी धरून ठेवणारी वाकडी पट्टी बोटाने दाबून दाखवली. ती दबली आणि परत आली.

"वीस वर्सं ह्येच दुरुस्त केलं मी," ते म्हणाले. "आन् आठ महिने तिकडं बाटलीपाशी बसलोय येड्यावानी."

त्यांनी पिंजऱ्याच्या खालच्या वेढ्याला तीन ठिकाणी नागमोडी वळण दिलं. गळा जाड असला की वळण ताणलं जाई, बारीक असला की आवळे. बुचाच्या बाटलीत जाणाऱ्या भागालाही त्यांनी बारीक कंगोरे घेतले. त्या उन्हाळ्यात हौदातल्या एकाही बाटलीचं बूच उडालं नाही. भालेराव तरी पाठ करूनच बसत.

पुढे परदेशातून एक जाणकार गृहस्थ कारखाना बघायला आले. वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी पिंजरा हातात घेतला, वळणावरून नख फिरवलं, बाटली गरम पाण्यात धरली, आणि मग मला इंग्रजीत विचारलं, "हे कुणाला सुचलं?" मी तोंड उघडायच्या आत शेठ म्हणाले, "आम्हीच बसून केलं." पाहुण्यांनी मान डोलावली. भालेराव दोन पावलांवर उभे होते.

"काय म्हनला?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांना आवडलं," मी सांगितलं.

ते खोटं नव्हतं. तुमच्या आजीने आयुष्यात खोटं फार कमी सांगितलं आहे. हे पुढे वाचाल तेव्हा लक्षात ठेवा.

पाहुण्यांनी शेठना सुचवलं की या रचनेची नोंदणी करून घ्या. अर्ज इंग्रजीत करायचा होता, म्हणजे मी. भालेरावांना कुठून तरी कळलं, आणि जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, त्या कागदावर करणाऱ्याचं नाव असतं म्हनं."

"असतं."

"माझं नाव येईल तर बगा." मग जरा थांबून, "मला ठाण्याच्या दोन मोठ्या कंपन्यांनी परत पाठवलंय. काम बगितलं, पसंत केलं, आन् सर्टिफिकेट कुठंय म्हनाले. चौथीचं दाखवू का? ह्यो कागद आसंल तर कोन इचारनार न्हाय."

मग त्यांनी मला इंग्रजीत त्यांचं नाव कसं लिहितात ते एका कागदावर लिहून मागितलं. मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. काशिनाथ भालेराव. त्यांनी चार घड्या घातल्या आणि कानशीच्या खिशात ठेवला.

मी शेठना विचारलं. हे मी विचारलं होतं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. शेठ हसले. "मिस्त्रीला नाव काय करायचंय? नाव दिलं की तो जाईल. आणि ड्रॉइंगवर त्याची सही कुठे आहे?" ते बरोबर होतं. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असत. काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मान्य करणाऱ्याची. काढणारा तो ठाण्याचा मुलगा. तपासणारी मी, कारण आकडे आणि स्पेलिंग मी बघे. मान्य करणारे शेठ. ज्याने साबणात कोरून ती वस्तू केली, त्याच्यासाठी चौकटच नव्हती. मी शेठचं आणि त्यांच्या मुलाचं नाव टाइप केलं. एकही चूक नव्हती, खाडाखोड नव्हती.

भालेरावांनी मधूनमधून विचारलं. मी म्हणे, "अजून आलं नाही." तेही खरंच होतं.

वर्षभराने सर्टिफिकेट आलं, शेठनी ते फ्रेम करून माझ्या शेजारच्या आपल्या खोलीत लावलं. एक दिवस शेठ बाहेर असताना भालेराव त्या खोलीत गेले. मी मधल्या काचेतून पाहत होते. त्यांनी खिशातून तो घडीचा कागद काढला. आता तो घड्यांवर फाटायला आला होता. तो फ्रेमजवळ धरला आणि वरून एक-एक ओळ खाली येत, बोट न लावता, अक्षरांचे आकार जुळवत गेले. शेवटपर्यंत गेले. मग परत वर जाऊन पुन्हा एकदा खाली आले. जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

"बाई, ह्याच्यात न्हाय."

"नाही," मी म्हणाले.

"तुम्ही टाइप केलंत ना?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जशी एखादं माप बरोबर निघाल्यावर हलवत, आणि कामाला गेले. त्या दिवसापासून ते मला धोटा, साबण, काही दाखवायला आले नाहीत. काम मात्र तेवढंच चोख.

नव्वद साल उलटून गेल्यावर शेठना तार बारीक घ्यायची हुक्की आली. भालेरावांनी नवी तार बोटात घेऊन वाकवली आणि ती घेऊन पुन्हा माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"लिवा," ते म्हणाले. मी लिहिलं. "नवीन तार बारीक आहे. उन्हात कडी सरळ होते. ही तार वापरू नये." खाली त्यांनी मराठीत सही केली. "नंबर टाका तुमचा." मी आवक नोंदवहीत चढवलं, कागदावर क्रमांक टाकला आणि फाइलला लावला. शेठनी वाचून म्हटलं, "मिस्त्री आता घाबरट झाला."

शेडमध्ये शेवंती नावाची मजूर होती, डोंगराकडच्या पाड्यावरून येणारी, वीस-बावीसची. खोकी भरायचं, लेबलं लावायचं काम. मेच्या शेवटी एका गिऱ्हाइकाला नमुन्याच्या बाटल्या त्याच दिवशी पाठवायच्या होत्या. शेठनी भालेरावांना सकाळीच साचा आणायला ठाण्याला पाठवलं होतं. बाटल्या उन्हातल्या हौदात होत्या. त्या गार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा भालेरावांचा नियम होता. शेठ म्हणाले, वेळ नाही, काढा. शेवंती लेबल लावायला बाटलीवर वाकली आणि कडी सरळ झाली.

तिचा डावा डोळा गेला.

भालेराव चारला परत आले. साचा टेम्पोतून उतरवलाही नाही. त्याच टेम्पोत शेवंतीला घालून ते ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि दोन दिवस तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी कामावर आले, तोवर शेठनी माझ्याकडून एक मेमो टाइप करून घेतला होता. तुमच्या देखरेखीखाली चाचणी चालू असताना, तुमच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे. इंग्रजीत. वर नाव: काशिनाथ भालेराव.

तो मेमो मीच त्यांच्या हातात दिला. त्यांना मजकूर वाचता येत नव्हता. त्यांनी वरची ओळ पाहिली. खिशात कागद शोधायची गरज पडली नाही.

"आता बरोबर लिवलंय," ते म्हणाले.

अन्वर तिथेच होता. तो म्हणाला, "मिस्त्री, साइन मत करना." भालेरावांनी सही केली नाही. कानस खिशात ठेवली, हात धुतले.

चौकशीसाठी एक सरकारी अधिकारी आले. त्यांच्या येण्याआधी शेठनी तारेची फाइल मागून घेतली होती. ती परत आली तेव्हा भालेरावांचा कागद तिच्यात नव्हता. मी फाइल उघडून पाहिली आणि जागच्या जागी लावून ठेवली. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मिस्त्रीने या तारेबद्दल लेखी काही दिलं होतं का?" शेठ समोर बसले होते. भालेराव दाराशी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जराही काळजी दिसली नाही. मी सगळं जपून ठेवते, हे त्यांना माहीत होतं.

मी म्हणाले, "फाइलमध्ये असा कागद नाही."

तेही खरंच होतं. आवक नोंदवही माझ्या कोपराखाली होती. तिच्यात माझ्या अक्षरात क्रमांक, तारीख आणि "भालेराव, तारेबाबत" एवढं होतं. अधिकाऱ्यांनी नोंदवही मागितली नाही. मी पुढे केली नाही.

त्या वर्षी तुमच्या आजोबांची नोकरी गेली होती आणि तुमचे बाबा कॉलेजात होते. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचाराल म्हणून लिहिते.

भालेराव गेले. कुठल्याही कारखान्यात त्यांना घेईनात, कारण आता त्यांच्या नावाचा कागद होता. शेवंतीला कायम कामावर ठेवू असं शेठनी तोंडी सांगितलं. ती दोन महिने एका डोळ्याने लेबलं लावत राहिली, मग यायची बंद झाली. पाड्यावर तिच्या घरी जाणारे भालेराव एकटेच होते, हे मला अन्वरने सांगितलं. मी कधी गेले नाही.

काही वर्षांनी, मीही ती नोकरी सोडल्यावर, अन्वर बाजारात भेटला. "मिस्त्री काल्हेर में है, गोदाम के गेट पे," तो म्हणाला. "मिलना है तो जाओ, मैडम. पर वो ज्यादा बात नहीं करते." मी पुढच्याच आठवड्यात रिक्षाने गेले. काय सांगायचं ते घरून ठरवून गेले होते, क्रमवार.

फाटकाशी ट्रकांची रांग होती. पत्र्याच्या सावलीत टेबल, टेबलावर जाडजूड रजिस्टर, आणि त्यामागे खाकी शर्टात भालेराव. बाह्यांना बरोबर दोन घड्या. केस पांढरे झाले होते.

"भालेराव," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. ओळखायला क्षणही लागला नाही.

"बाई. नाव लिवावं लागतं." त्यांनी पेन उचललं आणि मला काही न विचारता माझं पूर्ण नाव स्वतःच लिहिलं, आडनावासकट, सावकाश. मग पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं. "कोनाला भेटायचंय?"

"तुम्हालाच."

"तसं चालत न्हाय. इथं आतल्या मानसाचं नाव लागतं. आत कोन हाय तुमचं?"

"आत कुणी नाही. मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, तुमचा तो कागद, त्याची नोंद आवक नोंदवहीत..."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"आसंल," भालेराव म्हणाले. "तुमचं काम पैल्यापासून नीट."

त्यांनी टेबलावरची पट्टी घेतली, माझ्या नावावर ठेवली आणि सरळ रेघ मारून ते खोडलं.

"जरा बाजूला उभ्या ऱ्हावा, गाडी येतेय," ते मला म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून ड्रायव्हरकडे बघत, "हां भाई, नंबर बोलो."